यादी लागेपर्यंत

घरात परीक्षा असली म्हणजे काय करावे हे आपल्या समाजाला चांगले ठाऊक आहे. दूरदर्शन बंद ठेवावे, पाहुण्यांना 'सुटीत या' म्हणून कळवावे, रात्री अभ्यासाच्या टेबलावर दुधाचा पेला नेऊन ठेवावा आणि पेपरच्या सकाळी हातावर दही-साखर घालावी. हे पिढ्यानुपिढ्या चालत आले आहे. परंतु शेवटचा पेपर देऊन मूल घरी आले, की तेव्हापासून महाविद्यालयाची यादी लागेपर्यंत जे दिवस जातात, त्या दिवसांत घराने कसे वागावे हे मात्र कोणी कोणास सांगून ठेवलेले नाही. जो तो आपापल्या स्वभावाप्रमाणे वागतो आणि पुष्कळदा चुकतो. आम्हीही चुकलो; म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या शहरात या दिवसांना आणखी एक रंग असतो. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० च्या सुमारास लष्कर वसले. त्या छावणीतले सरदारांचे गोट हिंदी जिभेवर 'गोठ' झाले आणि चिटणिसांची गोठ, निंबाळकरांची गोठ ही नावे अजून पत्त्यावर लिहिली जातात. दोनशे वर्षे एका जागी राहिलेल्या अशा घरांना मुलांनी डोळ्यांआड जाऊ नये असे वाटते, आणि शहरानेही त्यांची सोय लावून ठेवली आहे. गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ चे, माधव अभियांत्रिकी १९५७ चे, जिवाजी विद्यापीठ १९६४ चे. डॉक्टर व्हायचे तरी कंपूपर्यंत आणि इंजिनियर व्हायचे तरी गोल्याच्या मंदिरापर्यंत जायचे, संध्याकाळी पुन्हा घरी जेवायला यायचे, असा हिशेब ज्या घरांत दोन-तीन पिढ्या चालला, तेथे यादीची वाट पाहणे म्हणजे केवळ गुणांची वाट पाहणे उरत नाही. मूल घरात राहणार की जाणार, हाही निर्णय त्याच यादीत असतो; आणि तो प्रश्न मोठी माणसे मुलासमोर कधी उच्चारत नाहीत, तरी मुलास तो बरोबर ऐकू येतो.

आमच्या वेळची वाट पाहणे वेगळे होते. आम्ही १९७९ साली हायर सेकंडरीला बसलो. निकाल वर्तमानपत्रात छापून येई. पानेच्या पाने बारीक आकडे, त्यात आपला क्रमांक शोधायचा. आदल्या रात्रीच बातमी फुटे की उद्या निकाल आहे, आणि सारी आळी ओट्यावर बसून राही. पहाटे गठ्ठा उतरला की एकाच अंकावर दहा डोकी वाकत. पुढे महाविद्यालयात प्रवेशाचे अर्ज भरायचे, आणि व्हिक्टोरिया कॉलेजच्या (महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव दिल्यावरही जुनी मंडळी 'व्हिक्टोरिया'च म्हणत) सूचनाफलकावर टंकलिखित यादी लागेपर्यंत सायकलवरून चकरा मारायच्या. पहिल्या यादीत नसलो तर दुसरी. जे काही व्हायचे ते उघड्यावर, चार जणांसमक्ष होई. त्यात लाज होती, पण सोबतही होती.

तेव्हा सगळे गोड होते असे मात्र कोणी समजू नये. आमच्या एका वर्गमित्राचा क्रमांक त्या पहाटे छापलेल्या पानात नव्हता. त्याने तीनदा पाहिले, आम्ही दोनदा. "मी जरा येतो" म्हणून तो उठला आणि रात्र पडली तरी घरी आला नाही. त्याचे वडील जे. सी. मिलमध्ये नोकरीला होते. ते पाळी संपवून आले, हातपाय न धुताच सायकल काढली, आणि त्यांच्यासोबत आमचे वडील व आम्ही निघालो. जनकगंज झाले, अचलेश्वराचे मंदिर झाले. बैजातालाच्या काठाने तिघेही एक शब्द न बोलता चाललो. त्या पाण्याकडे कोणालाच पाहवत नव्हते. शेवटी रात्री दोनच्या सुमारास स्टेशनात, छोट्या गाडीच्या फलाटावर, एका बाकावर तो बसलेला सापडला. वडिलांनी त्यास काही विचारले नाही. "भाकरी गार झाली रे, चल," एवढेच म्हणाले आणि सायकलीच्या दांडीवर बसवून घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी शाळेत मंडळाची अधिकृत यादी आली. तो द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण होता. छापखान्यात एक ओळ गळाली होती.

पुढे तो बँकेत अधिकारी झाला व यथाकाल निवृत्तही झाला. अलीकडे एकदा त्या रात्रीचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "नापास झालो याची मला तितकी भीती वाटली नाही. घरात शिरताना समोर पहिलं कोण येईल, याची वाटली." हे वाक्य आम्ही चाळीस वर्षांपूर्वी ऐकले असते तर २०२४ च्या उन्हाळ्यात कदाचित शहाणे ठरलो असतो.

त्या वर्षी आमच्या धाकट्या भावाची मुलगी वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला बसली. परीक्षा ५ मे रोजी झाली. निकाल १४ जूनला लागायचा होता, तो अचानक ४ जूनला लागला. त्याच दिवशी लोकसभेची मतमोजणी होती. सारे घर दूरदर्शनसमोर, आणि ही आत खाटेवर मोबाइल घेऊन. ती बाहेर आली तेव्हा गुण चांगले होते. मागील वर्षीच्या हिशेबाने ग्वाल्हेरची जागा सहज मिळावी इतके चांगले. आम्ही ताबडतोब सराफ्यातून पेढे आणवले. इंदूर, पुणे, बडोदा, जेथे जेथे नातेवाईक आहेत तेथे तेथे फोन केले, आणि प्रत्येकास सांगितले की पोर घरीच राहून डॉक्टर होणार.

दोन दिवसांत खरा प्रकार कळला. तेवीस लाखांहून अधिक मुले परीक्षेला बसली होती आणि देशभरात एम.बी.बी.एस.च्या जागा लाखाच्या थोड्या वर. त्या वर्षी गुण सर्वांनाच भरघोस पडले होते. ७२० पैकी ७२० मिळवणारेच ६७ निघाले. मागच्या वर्षी ज्या गुणांत जे महाविद्यालय मिळे, त्या गुणांत ते आता मिळणार नव्हते. त्यातच प्रश्नपत्रिका फुटल्याचे आरोप झाले. वेळ कमी मिळाला म्हणून १,५६३ जणांना दिलेले वाढीव गुण रद्द होऊन २३ जूनला त्यांची फेरपरीक्षा झाली. संपूर्ण परीक्षाच रद्द करावी अशा याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाल्या. २३ जुलैला न्यायालयाने परीक्षा रद्द करण्यास नकार दिला. परंतु भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाला दोन उत्तरे बरोबर धरली गेली होती, त्यांतले एकच ग्राह्य ठरले, आणि २६ जुलैला सुधारित निकाल लागला. चार लाखांहून अधिक मुलांचे पाच-पाच गुण गेले. पूर्ण गुणांचे ६७ होते ते अखेर १७ उरले. आमच्या पोरीने जुन्या पुस्तकात वाचलेले उत्तर लिहिले होते. तिचेही पाच गुण गेले आणि क्रमांक काही हजारांनी मागे सरकला.

या सात-आठ आठवड्यांत आमचे फोन आम्हालाच उलटून येऊ लागले. "झाली का ॲडमिशन?" "अजून नाही? मग पेढे कसले खाल्ले आम्ही?" कोणी वाईट हेतूने विचारत नव्हते. इंदूरची आत्या तर नवस बोलून बसली होती. पण प्रत्येक फोनागणिक पोरगी आक्रसत गेली. ती ताट घेऊन आपल्या खोलीत जेवू लागली. एके रात्री पाणी घ्यायला स्वयंपाकघरात आली तेव्हा आम्ही आपले उगाच विचारले, "काही कळलं का गं?" ती थांबली आणि अगदी हळू म्हणाली, "काका, तुम्ही पेढे वाटले नसते तर बरं झालं असतं."

आम्हाला तो स्टेशनातला बाक आठवला. तिच्या दाराआड समोर पहिले येणारे माणूस आम्हीच होतो.

ग्वाल्हेरच्या माणसाला या बाबतीत शंका येणेही स्वाभाविक आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या पूर्वपरीक्षेसाठी आपल्या राज्यात १९७० साली मंडळ झाले, १९८२ पासून ते काम व्यावसायिक परीक्षा मंडळाकडे आले, आणि पुढे लोकांच्या तोंडी 'व्यापमं' हे नाव ज्या कारणासाठी बसले ते सर्वांस माहीत आहे. २०१३ मध्ये प्रकरण उघडकीस आले, २०१५ मध्ये तपास सी.बी.आय.कडे गेला, आणि २००८ ते २०१२ या वर्षांत गैरमार्गाने घेतलेले ६३४ जणांचे प्रवेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये रद्द केले. रद्द झालेल्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. पण त्या ६३४ जागांसाठी जी मुले प्रामाणिकपणे यादीखाली उभी राहिली, आपलेच काही कमी पडले असे समजून परत गेली, त्यांविषयी आम्हाला कधी एक ओळही वाचावयास मिळाली नाही. आमच्याच शहरात त्यांतली कितीतरी असतील. म्हणून २०२४ मध्ये प्रश्नपत्रिकेची बातमी आली तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी "सगळं विकलेलं असतं" असे सुस्कारे टाकले. हे सुस्कारेही मुलास ऐकू येतात. ज्याने दोन वर्षे रात्री जागून काढल्या, त्यास आपला अभ्यास व्यर्थ होता असे आपणच सांगत आहोत, हे सुस्कारा टाकणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

वाट पाहण्याचा एवढा त्रास का होतो, याचा विचार अभ्यासकांनीही केला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २०१६ साली एक मौजेचा प्रयोग झाला. पंचेचाळीस जणांना संगणकावर दगड उलटवायला दिले. दगडाखाली साप निघाला की हाताला विजेचा सौम्य झटका बसे. झटका बसणारच हे ज्यांना पक्के ठाऊक असे, त्यांच्यापेक्षा बसेल की न बसेल अशा निम्म्या-निम्म्या शक्यतेत ज्यांना ठेवले, त्यांचा ताण अधिक निघाला. म्हणजे वाईट बातमीहून अधांतरी राहणे शरीराला जड जाते. सीमारेषेवरच्या मुलाची अवस्था नेमकी ही असते. अव्वल मुलाला झोप लागते, अगदी मागे पडलेल्यालाही एक प्रकारे लागते. मधल्याला लागत नाही.

दुसरे काम कॅलिफोर्नियातील केट स्वीनी या मानसशास्त्रज्ञ बाईंचे. तेथे वकिलीची परीक्षा दिल्यावर निकालास चार महिने लागतात. त्या उमेदवारांचा त्यांनी पाठपुरावा केला. त्यात असे दिसले, की काळजी सुरुवातीला फार असते, मध्ये ओसरते आणि निकाल जवळ आला की पुन्हा उसळते. ती दडपण्याचे उपाय बहुतेकांना फारसे साधत नाहीत. आणि ज्यांनी मनातून थोडी वाईटाचीही तयारी ठेवली होती, त्यांना वाईट बातमी अधिक पेलली. तेव्हा "काळजी करू नकोस" हे आपले ठरलेले वाक्य निरुपयोगीच म्हटले पाहिजे. बाईंच्या पुढच्या अभ्यासात एका गोष्टीचा मात्र उपयोग दिसला. ज्यात मन पुरते गुंतते, ज्यात हातांना व डोळ्यांना दुसरीकडे पाहण्यास सवड मिळत नाही, असे काम हाती असले की हे दिवस सुसह्य होतात.

हे आम्ही वाचले ते नंतर. प्रत्यक्षात पोरीनेच वाट काढली. ऑगस्टच्या आरंभी तिने बापाला सांगितले की मला स्कूटर शिकायची आहे. मेळ्याच्या मैदानात त्या दिवसांत कोणी नसते. रोज सकाळी दोघे तिकडे जात. पहिल्या दिवशी गुडघा फोडून आली आणि कित्येक आठवड्यांनी आमच्यासमोर हसली.

त्या हसण्याचा फायदा घेऊन आम्ही घरात एक बोलणे केले. फोन आम्ही लावले होते, तेव्हा फोन आम्हीच आवरावेत असे ठरले. आम्ही सर्व नातलगांना पुन्हा एकेक फोन करून सांगितले की पेढ्यांची घाई आमची होती, यादी लागली की आम्हीच कळवू, तोवर मुलीला विचारू नये. बडोद्याच्या एका मेहुण्यांस राग आला. येऊ दिला. दुसरे असे ठरले की यादी पाहायची ती तिनेच, सकाळी चहा झाल्यावर, एकदाच. रात्री संकेतस्थळ उघडून बसायचे नाही. तिच्या आधी घरातल्या कोणीही पाहायचे नाही. तिच्या बापाने तर मुळीच नाही, कारण तो कार्यालयातून दर अर्ध्या तासाने पाहत असे, आणि त्याच्या 'हॅलो'वरूनच तिला सगळे कळे.

उरले ते काम. वाट पाहण्याच्या दिवसांत करण्याजोगेही पुष्कळ असते आणि ते बहुधा शेवटच्या रात्रीसाठी ठेवले जाते. मूळनिवासी प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, लागू असेल तर जातीचा वा उत्पन्नाचा दाखला, तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र, छायाचित्रे. या सर्वांवरचे नाव एकसारखे आहे की नाही हे पाहणे हेच एक काम आहे. आपल्या मराठी घरांत तर फारच. आडनाव एका कागदावर मराठी वळणाने, दुसऱ्यावर हिंदी वळणाने, तिसऱ्यावर बापाचे नाव मध्ये. आमच्याकडे दोन दाखले दुरुस्त करावे लागले. ऑगस्टमध्ये ते झाले. सप्टेंबरात झाले नसते.

महाविद्यालयांचा पसंतिक्रम भरताना मोठ्यांनी एक चूक टाळावी. 'हे मिळणारच नाही, मग वर कशाला लिहायचे' असा सल्ला आम्ही देत होतो. तो चुकीचा होता. संगणक क्रमाने पाहत येतो आणि आपल्या गुणानुक्रमास मिळू शकेल अशी सर्वांत वरची पसंती देतो. वर मोठे नाव लिहिल्याने खालची जागा हातची जात नाही. म्हणून क्रम आपल्या खऱ्या आवडीचाच असावा. जागा मिळाल्यावर ती सोडण्याचे नियम मात्र नीट वाचावेत. वैद्यकीयच्या अखिल भारतीय कोट्यात पहिल्या फेरीची जागा सोडली तर अनामत बुडत नाही, दुसरीत बुडते, पुढे सुटकाच नसते. राज्याच्या फेऱ्यांचे नियम वेगळे असतात आणि ते दरवर्षी पाहावे लागतात. अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय संस्थांच्या प्रवेशात मिळालेली जागा पक्की करणे, वरच्या पसंतीची वाट पाहणे, किंवा त्याच संस्थेत चांगली शाखा मिळेतो थांबणे, असे तीन मार्ग असतात. हे वाचत बसायला घरातल्या निवृत्त माणसाइतके योग्य दुसरे कोण? आम्हास आमचे काम सापडले.

आणि ज्या घरात मूल ताटावरून उठते, झोपत नाही, बोलायचेच थांबते, तेथे आमच्यासारखी तीन आठवडे वाट पाहू नये. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालतो, त्यास पैसे पडत नाहीत, आणि मुलाप्रमाणेच आईबापांनाही तेथे बोलता येते. बारावीत अडलेल्यांसाठी आपल्या राज्याच्या मुक्त शाळेची 'रुक जाना नहीं' ही योजना २०१६ मध्ये सुरू झाली. ज्या वर्षी अडले त्याच वर्षी पुन्हा परीक्षा देता यावी, हा तिचा हेतू. आमच्या मित्राच्या वेळी यांपैकी काहीच नव्हते. एक बाप आणि तीन सायकली होत्या.

अखिल भारतीय कोट्याची पहिली फेरी ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात झाली. त्यात तिचे नाव नव्हते. राज्याच्या पहिल्या यादीतही नव्हते. ७ सप्टेंबरला गणपती आले. आरतीला गोठीतली सगळी मंडळी जमली आणि एका काकूंनी आमचा सारा बंदोबस्त ओलांडून तिलाच विचारले. आम्ही मध्ये पडणार, तोच ती म्हणाली, "नाही हो काकू अजून. लागली की सांगते. मोदक घ्या." आणि ताट पुढे केले.

दुसऱ्या फेरीची यादी रात्री उशिरा लागली. शेजारच्या मुलाने येऊन बापाला हळूच सांगितले. ती झोपली होती. भावजय उठून दारापर्यंत गेली, तशीच परत आली. ठरल्याप्रमाणे कोणी पाहिले नाही. आम्ही चौघे मोठी माणसे बैठकीत दिवा न लावता बसून राहिलो. तीनच्या सुमारास भावाने मोबाइल आपल्या हातातून काढून आमच्याकडे दिला, म्हणाला, "दादा, हा तुझ्याकडे ठेव." आम्ही तो कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. मुलगी सकाळी साडेसहापर्यंत स्वस्थ झोपली होती.

चहा झाला. तिने कप विसळून ठेवला, हात पुसले आणि यादी उघडली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "शहडोल."

शहडोलचे बिरसा मुंडा वैद्यकीय महाविद्यालय २०१९ मध्ये सुरू झालेले. सरकारी. राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, छत्तीसगडच्या बाजूस. भावजयीचे डोळे भरले. ते कशाने, हे तिलाही सांगता आले नसते. पोरगी नकाशा मोठा करून पाहत होती. मग आमच्याकडे वळली.

"काका, इथून तिकडे सरळ गाडी आहे का हो?"

"आहे तर," आम्ही म्हणालो. "उत्कल एक्स्प्रेस. झाशी, बीना, सागर, कटनी. बदलायला लागत नाही."